सनमायका नको, आधी वरचं पॉलिश कोणतं ते बघा

तुम्ही लिहिलंय की आजीच्या स्वयंपाकघरातलं सागवानी टेबल आहे, पॉलिश चिकट झालंय, वर पांढरे गोल आणि काळे डाग आहेत, एक पाय डुगडुगतो आणि सुतार म्हणतोय मशीन मारून वर सनमायका लावू. कृपा करून तसं करू नका. असा जुना, दाट रेषांचा साग आज विकत घ्यायला गेलात तर परवडणार नाही.

आधी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये (पॉलिशवाले वापरतात ते, मेथिलेटेड) बुडवून खालच्या कडेला घासा. बोळा तपकिरी झाला आणि बोटाला चिकटायला लागलं तर ते चपड्याचं (लाखेचं), म्हणजे फ्रेंच पॉलिश. ते स्पिरिट आणि जाडसर सुती फडक्याने थराथराने निघतं, मशीन लागतच नाही (गॅस बंद, खिडक्या उघड्या, हे मात्र पाळाच). तारेची घासणी अजिबात नको, लोखंडाचे बारीक कण सागात अडकतात आणि पाणी लागलं की काळे पडतात. ऑइलपेंट मारलेलं असेल तर गोष्ट वेगळी, आपल्याकडे रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून आली, त्याआधीच्या रंगात विषारी शिसं जास्त असू शकतं, त्यामुळे जुना रंग कोरडा घासायचा नाही, पाणी लावून वॉटर पेपरने (ओला चालणारा पॉलिश पेपर) घासा, मास्क लावा आणि मुलांना लांब ठेवा.

पांढरे गोल बहुतेक वेळा पॉलिशमध्येच असतात, गरम भांड्याचे किंवा ओलाव्याचे, ते पॉलिशबरोबर जातात. काळे डाग लाकडात उतरलेले असतात, ओलं लोखंडी भांडं किंवा खिळा आणि लाकडातलं टॅनिन (लोखंडाशी मिळून काळं पडणारं तुरट द्रव्य) यांच्यामुळे. ते घासून घालवायला गेलात तर तिथे खड्डा पडेल. त्यासाठी ऑक्झॅलिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवून, प्लास्टिकच्या भांड्यात, हातमोजे घालून, नुसत्या डागावर नाही तर अख्ख्या फळीवर सारखं लावायचं, नाहीतर फिकट ठिपका उठून दिसतो. डाग गेला की दोन-तीनदा पाण्याने नीट पुसून पूर्ण वाळू द्या. विषारी आहे, स्वयंपाकाच्या भांड्यांजवळ ठेवू नका.

पायाचा सांधा उघडून जुना सरस गरम पाण्याने मऊ करून खरवडून काढा, त्याच्यावरच फेविकॉल ओतला तर धरत नाही. क्लॅम्प नसेल तर सुतळीचे वेढे घेऊन मध्ये काठी घालून पीळ द्या, रात्रभर तसंच राहू दे.

मग १२०, १८०, २२० नंबरचा असा क्रमाने बारीक होत जाणारा पॉलिश पेपर, रेषेच्या दिशेनेच. सागाला अंगचं तेल असतं, म्हणून शेवटी थिनरने पुसून घ्या. रोज गरम पातेली टेकणार असतील तर परत फ्रेंच पॉलिश नको, मॅट पीयूचे (पॉलियुरेथेन, म्हणजे बिनचकाकीचं टिकाऊ फिनिश) पातळ हात द्या, मधे ३२० चा पेपर हलका फिरवून. आणि हे सगळं पावसाळा संपल्यावर करा, दमट हवेत वाळायला वेळ लागतो आणि फिनिश धुरकट होऊ शकतं. जवसाचं तेल लावायचं ठरवलंत तर तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात, दोरीवर पसरून वाळवा आणि मगच फेका.