खडा हलतोय, प्राँग अडकतेय, हेलो घेऊ का? अंगठीच्या सेटिंगबद्दल तुमचे प्रश्न

‘सेटिंग कुठलं घेऊ’, म्हणजे खडा अंगठीत कसा बसवून घेऊ, या एकाच प्रश्नाचे इतके अवतार येतात की शेवटी एकत्रच उत्तरं द्यायला बसले. बहुतेक पत्रांत हिऱ्याची अख्खी कुंडली असते, कॅरट, कलर, क्लॅरिटी, रिपोर्ट नंबरसकट, पण ज्या हातात ती अंगठी दिवसभर राहणार तो हात काय काम करतो याबद्दल एक ओळ नसते. मी जडाई आणि दुरुस्ती दोन्ही करते, त्यामुळे अंगठी नवी असताना कशी दिसते आणि काही वर्षांनी कशी परत येते हे दोन्ही बघायला मिळतं. एक आधीच सांगते, ही उत्तरं अंगठी हातात न घेता दिलेली आहेत, तेव्हा शेवटचा शब्द जो ती लेन्सखाली बघेल त्याचा.

मी आयसीयूत नर्स आहे, दिवसभर ग्लव्हज. पण मला उंच, सहा प्राँगची सॉलिटेअरच हवीये, लहानपणापासून तीच डोक्यात आहे. चालेल ना?

ड्युटीवर नाही चालणार. उंच प्राँग, म्हणजे खडा धरून ठेवणारा धातूचा काटा, ग्लव्ह फाडते आणि बारीक फाटलेलं लगेच कळत नाही, म्हणजे हा प्रश्न दागिन्याचा राहतच नाही. शिवाय खड्याच्या पोटाखाली साबण, क्रीम, सॅनिटायझर यांचा थर बसतो, तो नुसत्या हात धुण्याने निघत नाही. बऱ्याच हॉस्पिटलांत ड्युटीवर खड्याची अंगठी चालतच नाही, फार तर साधं वळं चालतं, तेव्हा पैसे भरायच्या आधी तुमच्या इन्फेक्शन कंट्रोलवाल्यांना विचारा. चालत असेल तर बुटकं बेझल घ्या, म्हणजे खड्याभोवती धातूची पूर्ण कड, आणि दुकानात ट्रायल घेताना अंगठीवरून पातळ ओढणी फिरवून बघा, कुठे अडकली तर ती तुमची अंगठी नाही. सॉलिटेअर, म्हणजे एकाच खड्याची अंगठी, फक्त ड्युटीबाहेर घालणार असाल तर खुशाल घ्या, पण मग काढून ठेवायची एक ठरलेली जागा हवी. युनिफॉर्मचा खिसा ही जागा नव्हे.

बेझलमध्ये खालून उजेड जात नाही म्हणून हिऱ्याची चमक मरते, असं दुकानात सांगितलं. खरंय?

नाही. नीट कापलेला हिरा उजेड वरून घेतो, आत उलटवतो आणि वरूनच परत देतो, खालची बाजू उघडी असण्याशी त्याचा संबंध जवळजवळ नाही. हे ऐकीव ज्ञान वर्षानुवर्षं फिरतंय, आणि मला विचाराल तर त्याचं एक कारण हेही आहे की चांगल्या बेझलला हाताचं काम जास्त लागतं, कड सगळीकडून सारखी दाबावी लागते, आणि तयार प्राँगच्या साच्यात खडा अडकवून देणं सोपं पडतं. तुमचा हिरा निस्तेज वाटत असेल तर आधी त्याचा कट बघा, आणि मग त्याची पाठ बघा. पाठीला तेलकट मळ बसला की आतला उजेड परत फिरायच्या ऐवजी खालून निसटतो. म्हणून बेझल घेतलंत तरी खाली साफ करायला एक खिडकी ठेवायला सांगा, पूर्ण बंद पाठ नको.

चार प्राँग की सहा?

गोल हिऱ्याला सहा. एक गेली तरी बाकीच्या पाच खडा धरून ठेवतात. चारमधली एक गेली की खडा त्या बाजूने सरळ कलंडून बाहेर येऊ शकतो. टिफनीची ती प्रसिद्ध सहा प्राँगची अंगठी १८८६ सालची आहे आणि अजून तिच्या नकला होतायत, त्याला काहीतरी कारण असेल ना. चौकोनी प्रिन्सेस कटला मात्र चारच, पण त्या कोपऱ्यांवर व्ही आकाराच्या हव्यात. हिऱ्यावर चरा पडत नाही म्हणून त्याचा टवका उडत नाही असं नाही, आणि टवका उडतो तो कोपऱ्यालाच.

जिमला अंगठी घालून जाऊ का? हळूच व्यायाम करते.

नाही. बारवर पकड घेतली की पट्टी दबून लांबट होते, आणि पट्टी वाकली की प्राँग उघडायला लागतात. अंगठी कशात तरी अडकून बोटाची कातडी सोलली जाण्याचे अपघातही खरेच होतात. सिलिकॉनचं वळं मिळतं, ते घाला.

अंगठी कानाजवळ हलवली की बारीक टिकटिक येते. लग्नाला पाच आठवडे आहेत, आधीच हजार कामं. मावशी म्हणते पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब टाक, लग्न झाल्यावर दाखव. चालेल?

काढा ती बोटातून. आत्ता, हे वाचता वाचता. आणि झिपवाल्या छोट्या पिशवीत ठेवा, म्हणजे खडा निसटलाच तर पिशवीतच सापडेल, बाथरूमच्या जाळीत शोधायला नको.

आता सविस्तर सांगते, कारण ‘नंतर बघू’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकूनच डोकं फिरतं. प्राँगचं टोक हिऱ्याच्या कडेवर दुमडलेलं असतं, आणि खड्याला खरा धरून ठेवणारा भाग म्हणजे तो दुमडलेला तुकडा, मिलिमीटरच्या अंशाएवढा. तो रोज टॉवेलला घासतो, केसांत जातो, बॅगेच्या चेनला लागतो आणि हळूहळू चपटा होतो. वरून बघितलं तर छान गुळगुळीत दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. मग एक दिवस तो स्वेटरच्या धाग्यात अडकून केसभर उचलला जातो आणि खडा हलायला लागतो. आणि खरी गंमत इथून सुरू होते. हिरा कठीणपणाच्या मोह्स स्केलवर १०, त्याच्यापुढे सोनं म्हणजे अगदीच मऊ. खडा ज्या खाचेत बसलेला असतो ती खाच तो प्रत्येक हालचालीबरोबर आतून घासत राहतो. म्हणजे पाच आठवडे थांबलात तर आजचा सैलपणा तेवढाच राहणार नाही, तो रोज वाढणार.

नेलपॉलिशचं काय होतं तेही ऐका. आवाज बंद होतो, बास. खडा सैलच राहतो, फक्त आता तुम्हाला कळत नाही. सुपरग्लूवाले त्याच्याही पुढे, त्यांची अंगठी आली की आधी तो गोंद काढण्यात वेळ जातो, कारण त्याच्यासकट आच दिली तर तो जळून खड्याला चिकटतो. आणि आवाज येत नाही म्हणजे सगळं घट्ट, हा दुसरा भ्रम. मळ गच्च भरला की सैल खडाही गप्प बसतो. मग लोक अंगठी साफ करून आणतात, खडा हलताना दिसतो आणि खापर साफ करणाऱ्यावर फुटतं, बिचाऱ्याने फक्त मळ काढलेला असतो.

दुकानात गेल्यावर ‘जरा दाबून द्या’ असं म्हणू नका. धातू शिल्लक असेल तर दाबून भागतं, झिजलेली प्राँग दाबली तर ती तुटते. टोकावर नवा धातू चढवायचा की खड्याचं अख्खं घरच बदलायचं, हे दहा पटींच्या लेन्सखाली बघूनच ठरतं, आणि ते तुमच्यासमोर बघायला सांगा, तुम्हालाही बघू द्यायला सांगा. जो नुसत्या डोळ्यांनी बघून ‘काही नाही हो, ठीक आहे’ म्हणतो त्याच्याकडून उठा. अंगठी देण्याआधी वरून आणि बाजूने फोटो काढा, रिपोर्ट असेल तर त्याचा नंबर पावतीवर लिहून घ्या. हे काम साधारणपणे फार दिवसांचं नसतं, पाच आठवड्यांत आरामात बसेल. आणि पुढे दर सहा महिन्यांनी दाखवत जा, आवाज येवो न येवो. टिकटिक कदाचित मोठ्या हिऱ्याची नसून बाजूच्या एखाद्या बारीक खड्याची असेल, पण हे घरी बसून तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही. मावशींना माझा नमस्कार सांगा.

एका दुकानात ‘१ कॅरट लुक’ हेलो रिंगवर सेटिंग फ्री आहे, ऑफर आज रात्री संपतेय. घेऊन टाकू?

उद्या सकाळी जा, ऑफर तिथेच असेल. ‘लुक’ हे काही वजन नाही. १ कॅरटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटरचा असतो, आणि मधे छोटा खडा बसवून भोवती बारीक खड्यांची कड केली की तेवढाच घेर दिसतो, यात फसवणूक नाही, मलाही हेलो आवडते. फसवणूक टॅगवर असते, तिथे सगळ्या खड्यांचं मिळून वजन लिहितात. मधल्या खड्याचं वजन वेगळं लिहून मागा. फुकट सेटिंग म्हणाल तर घडणावळ कुठून तरी निघतेच, हिऱ्याच्या भावातून नाहीतर पट्टीच्या जाडीतून. पट्टी मोजायला सांगा, रोज घालायच्या अंगठीला दोन मिलिमीटरच्या खाली मी जाऊ देत नाही. आणि कडेचे ते बारीक खडे धातूच्या टाचणीच्या टोकाएवढ्या थेंबांनी धरलेले असतात, हाताने राबायचं काम असेल तर ते एकेक करून गळतात. मातीकाम, मशीन, लहान मूल यातलं काही असेल तर खरेदीआधी एखाद्या दुरुस्तीवाल्याशी बोला, विकणाऱ्याशी नव्हे.

लाइफटाइम वॉरंटीचं कार्ड मिळालंय, म्हणजे काळजी नको ना?

कार्डाची मागची बाजू वाचा. बऱ्याचदा ठराविक मुदतीत तपासणीचा शिक्का नसेल तर वॉरंटी रद्द, आणि झीज त्यात धरलेलीच नाही असं बारीक अक्षरात असतं. खडे पडतात ते बहुतेक झिजेनेच. लॅबचा रिपोर्ट हिऱ्याबद्दल बोलतो, सेटिंगबद्दल एक शब्द नाही, त्यामुळे तो दाखवून कुणी ‘अंगठी सर्टिफाइड आहे’ म्हणालं तर मान डोलावू नका.

व्हाइट गोल्ड की प्लॅटिनम? व्हाइट गोल्डच्या कानातल्यांनी मला खाज येते, सोनं खोटं असेल का?

सोनं खरंच असेल, खाज त्यातल्या निकेलची असू शकते. १८ कॅरटमध्ये सोनं ७५ टक्के, उरलेले २५ टक्के कुठले धातू हे विचारायचं कुणी कष्टच घेत नाही. वरचा पांढरा शुभ्र रंगही बऱ्याचदा रोडियम या पांढऱ्या धातूच्या मुलाम्याचा असतो, तो झिजतो, खालचा पिवळसर रंग दिसायला लागतो आणि तेव्हाच खाजही सुरू होते. मुलामा पुन्हा मारता येतो, पण पुन्हा पुन्हा मारावा लागतो. प्लॅटिनम साधारण ९५ टक्के शुद्ध असतं, वजनाला जड, त्यावर चरे पडतात आणि ते मंद दिसायला लागतं, पण चरा पडला तरी धातू बहुतांशी बाजूला सरकतो, निघून जात नाही, म्हणून प्राँगसाठी मला तेच आवडतं. सोन्याची पट्टी आणि प्लॅटिनमचं घर असाही मार्ग आहे. पण अंगठीखाली राहिलेल्या साबणानेही पुरळ येतं, तेव्हा आधी त्वचेच्या डॉक्टरकडून पॅच टेस्ट करून घ्या.

हिरा नको, ओपल किंवा पाचू हवाय. रोज घालेन.

धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, त्यांचा कठीणपणा ७. ओपल ५.५ ते ६.५, म्हणजे नुसती धूळ पुसली तरी चरे. मोती त्याहून नाजूक. पाचू ७.५ ते ८ आहे पण आतून बहुधा तडकलेला आणि तेल भरलेला असतो, त्याला अल्ट्रासॉनिक मशीन चालत नाही, दुरुस्तीच्या वेळी आचही चालत नाही. घ्यायचाच तर बुटक्या बेझलमध्ये. रंगच हवा असेल तर नीलम किंवा माणिक बघा, दोन्ही ९.

सरप्राइज द्यायचंय, सगळीकडून खडे असलेली फुल इटर्निटी घेतोय, माप तिच्या जुन्या अंगठीवरून अंदाजे.

नको. फुल इटर्निटी लहान-मोठी करता येत नाही म्हटलं तरी चालेल. साधी पट्टी घ्या, किंवा तिला विचारा.

आजीच्या अंगठीतला हिरा काढून नव्या सेटिंगमध्ये बसवायचाय. काका म्हणतात कारागीर हिरा बदलतात, समोर बसून करून घ्या.

समोर बसून तास-दोन तास कारागिराच्या हाताकडे टक लावलीत तर त्याचा हात तेवढा थरथरेल. त्यापेक्षा देण्याआधी खड्याची मापं मिलिमीटरमध्ये आणि आतल्या ठळक खुणा पावतीवर लिहून घ्या, आणि खडा सुटा झाला की तुमच्यासमोर वजन करा, बसवलेल्या खड्याचं नेमकं वजन आधी कळत नाही. तो हिराच आहे ना, हेही आधी तपासून घ्या. पाठ बंद असलेल्या जुन्या कामात कधी कधी खड्याखाली चमकी वर्ख असतो आणि वर भलतंच काहीतरी. कडेला जुना टवका असेल तर काढताना तो वाढू शकतो, ही जोखीम कारागीर तुम्हाला सांगेल आणि सही मागेल. न सांगणाऱ्यापेक्षा तो बरा.

नवं सेटिंग त्या खड्याच्या मापावरून करायचं, कॅटलॉगमधल्या तयार साच्यात तो कोंबायचा नाही. जुनी पट्टी लगेच मोडीत घालू नका, आधी नवी अंगठी हातात येऊ दे.