घरी पडून असलेल्या जुन्या सागवानाचं ऑटोमन (पाय ठेवायचं गादीवालं बुटकं स्टूल) घरच्या घरी करता येईल का? फोम कोणता घ्यावा, खर्च किती येईल?

येतं की. आणि "जुन्या लाकडाच्या नादी लागू नका, दुकानातून तयार आणा" असं तुम्हाला ज्यांनी सांगितलंय, त्यांच्या गावाकडच्या गोठ्यात एकदा डोकावून या. दोन-चार तुळया वाळवीच्या तोंडी दिलेल्या हमखास सापडतील.

आमच्याकडं तेच चाललं होतं. निलंगा तालुक्यात आमचं जुनं माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं घर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते पडलं नाही, नुसत्या भिंती फुगल्या. पण त्या पट्ट्यात माणसं दबली ती दगडी भिंती आणि माळवदाच्या मातीखालीच, त्यामुळं नंतर माळवदाखाली झोपायची कुणाची छाती होईना. गावोगाव लोकांनी माती उतरवली आणि वर पत्रे टाकले. आमच्या वडिलांनीही तेच केलं. निघालेल्या सागवानी तुळया गोठ्यात रचून ठेवल्या. "पोरं कधीतरी घर बांधतील, तेव्हा दारं-खिडक्या होतील." पोरांनी घरं बांधली ती सिमेंटची, दारं आणली फ्लशची. वडील गेले, जनावरं विकली, तुळया तिथंच.

मग थोरल्या भावानं, आण्णानं, जुन्या लाकडाचा व्यापारी बोलावला. मी लातूरला नोकरीला, मला फोन आला तोवर टेम्पो दारात. जाऊन निदान एक तुळई ठेवून घेतली. बाकीच्या गेल्या, त्याही नगावर. त्यावर शेवटी बोलतो.

आता लाकडाचं. सॉ मिलवाला जुनी तुळई बघून आधी नाहीच म्हणणार. त्यात खिळे असतात, पातं गेलं की त्याचा दिवस बुडतो. म्हणून खिळे घरूनच काढून न्यायचे. मी जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून चारी बाजूंनी इंच-इंच फिरवलं. जिथं ओढ लागली तिथं खडूनं खूण केली. वरून दिसणारे खिळे सहा-सात, आत लपलेले त्याच्या दुप्पट निघाले. जुने घडीव खिळे चौकोनी असतात आणि गंजून लाकडात फुगलेले असतात. पकडीनं ओढले तर डोकं तुटून हातात येतं. भोवतीचं लाकूड पटाशीनं थोडं कोरायचं, वरून हलका ठोका द्यायचा म्हणजे गंज सुटतो, मग ओढायचं.

सुतारमामांनी तुळईवर रंधा पहिल्यांदा मारला तेव्हा मी शेजारीच होतो. वर चुलीच्या धुराचा थर, डांबरासारखा काळा. पहिल्या साली काळ्या, मग तपकिरी, आणि मग एकदम मधाच्या रंगाचं लाकूड. वासही तसाच ताजा, तेलकट. खालच्या अंगाला वाकसानं, म्हणजे लाकूड तासायच्या हत्यारानं, तासल्याचे घाव होते. मामा म्हणाले, "ही बाजू राहू द्या, मशिनीला हे जमत न्हाई." एका आडव्या पट्टीवर ते घाव अजून तसेच आहेत.

तुम्ही लाकूड चालेल का विचारलंत, त्याचं उत्तर हे. माळवदावर दीड फूट माती असली तर चौरस मीटरला सहज ७०० किलो ओझं होतं. ते ज्या तुळईनं वर्षानुवर्षं पेललं, तिला तुमचे दोन पाय जड नाहीत. शिवाय इतकं वाळलेलं लाकूड आता वाकत-पिळत नाही. नवीन ओलं लाकूड आणलंत तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात सांधे उघडलेच म्हणून समजा. आंब्याचं लाकूड स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका, त्याला भुंगा लागतो.

सांगाडा अवघड नाही. चार पाय दोन इंच चौरस, त्यांना जोडणाऱ्या तीन इंच रुंद, एक इंच जाड पट्ट्या. पट्टीला कुसू (खाचेत बसणारं टोक), पायाला खाच. नुसत्या स्क्रूवर भागवू नका. ऑटोमन सतत पायानं ढकललं जातं, स्क्रूची भोकं सैल होतात आणि वर्षभरात ते डुलायला लागतं. चारी कोपऱ्यांत आतून तिकोनी ठोकळे बसवा. एकूण उंची, फोम दबल्यावरची, सोफ्याच्या बैठकीपेक्षा इंचभर कमी हवी. वर १२ मिमी प्लाय, आणि त्याला बोटभर व्यासाची आठ-दहा भोकं. भोकं नसली तर बसल्यावर आतली हवा शिवणीतून सुटते आणि पाहुण्यांसमोर नको तो आवाज येतो.

फोम ४० डेन्सिटीचा, चार इंच. दुकानदार ४० सांगून ३२ चा गळ्यात मारतात. डेन्सिटी म्हणजे घनमीटरला किती किलो, एवढंच. २४ बाय १८ इंचाचा, चार इंच जाड तुकडा ४० चा असेल तर १.१ किलोच्या आसपास भरतो. ३२ चा असेल तर ९०० ग्रॅम. शेजारच्या किराणा दुकानाचा काटा वापरा, दुकानदाराचं तोंड बघू नका. फोम प्लायपेक्षा चारी बाजूंनी पाव इंच मोठा कापा, म्हणजे कापड ओढल्यावर कडा भरीव दिसतात. कापड ताणताना आधी चारी बाजूंच्या मध्यावर एकेक पिन, मग समोरासमोर करत कोपऱ्याकडं. एका बाजूनं सरळ मारत गेलात तर कापड तिरकं जातं.

रेक्झिन नको. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर गेला की पोटरी चिकटते. जाड सुती कॅनव्हास घ्या. आमच्या हिला संभाजीनगरचा हिमरू लावायचा होता. सुती-रेशमी काम, दिसायला राजेशाही, पण त्याचे सुटे धागे पायातल्या पैंजणात अडकणार. त्याच्या उशा शिवा.

खर्चाचं म्हणाल तर लाकूड घरचं असेल तेव्हा फोम, कापड, प्लायचा तुकडा, पिना आणि सुताराची मजुरी. भाव गावोगाव वेगळे. तयार ऑटोमनपेक्षा स्वस्त पडेल या आशेवर असाल तर सोडून द्या.

आता खरं सांगतो, हे एवढं लिहायला का बसलो. दिवाळीत आण्णा घरी आला. ऑटोमन बघितलं, ते वाकसाचे घाव ओळखले आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "आज्यानं घातलेली तुळई हाय ही. तिच्यावर पाय ठिवायलास?" मी म्हणालो, "गोठ्यात वाळवी खायली तवा आज्याचा मान कुठं गेलता? आन् टेम्पोत भरलास ती काय देव्हाऱ्यात बसवायला नेली व्हय?" वहिनी मधे पडल्या म्हणून चहा तरी झाला. तेव्हापासून भावकीत माझं नाव 'आज्याच्या डोक्यावर पाय ठेवणारा'.

माझं मत पक्कं आहे. वापरात असलेल्या लाकडाचाच मान राहतो. घरात रोज फडकं फिरतं, पोरं त्यावर चढतात, बायको त्यावर बसून शेंगा सोलते. ज्यांना पाय ठेवायचं पटत नाही त्यांनी बसायला वापरावं, आकार तोच आहे.

राहिलेलं. सागवान तेलकट असतं, त्यामुळं गोंद नीट धरत नाही. सांधा लावायच्या अगदी आधी ती जागा थिनरच्या फडक्यानं पुसा. घासताना तोंडाला मास्क लावा, सागाच्या भुशानं नाक-घसा चुरचुरतो आणि काहींच्या अंगावर पुरळ येतं. तुळईला उभी भेग असेल तर तेवढा भाग सोडून पट्ट्या काढा. आणि वाळवीनं आतून पोकळ केलेली असेल तर हे सगळं विसरा, ठोकून बघा, डब्ब आवाज आला की कळतं.

आणि लाकूड एकट्याचं नसेल, भावाभावांचं असेल, तर करवत लावायच्या आधी मोजून वाटून घ्या. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिघांचा गुणाकार भागिले १४४ म्हणजे घनफूट. १० फूट लांब, ८ बाय ६ इंची तुळई म्हणजे सव्वातीन घनफुटांच्या थोडी वर. जुनं सागवान नगावर विकत नसतात, आण्णा.