इंजिन बंद पडले, हप्ता मात्र चालू आहे

एका वाचकाने विचारले आहे की त्यांच्या २२ वर्षे जुन्या डिझेल मोटरहोमचे (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीचे) निकामी झालेले इंजिन बदलावे, की गाडी आहे त्या अवस्थेत विकून टाकावी. चढावर तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, तरी पुढच्या थांब्यापर्यंत पोहोचू म्हणून त्यांनी गाडी तशीच दामटली. मग मागून पांढरा धूर निघाला आणि इंजिन बंद पडले. आता स्टार्टर मारला की इंजिन अर्धा फेरा फिरून अडते. गॅरेजने काहीही न उघडता त्याच दिवशी दुसरे, कारखान्यात नव्याने बांधलेले इंजिन बसवण्याचे अंदाजपत्रक दिले. हा खर्च निवृत्तिनिधीतून करावा आणि पुढे गाडी भाड्याने देऊन तो वसूल करावा, असा त्यांचा बेत आहे.

पत्राच्या शेवटाकडे, जाता जाता, त्यांनी लिहिले आहे की गाडीच्या कर्जाची चिंता नाही, कारण ते घर तारण ठेवून घेतलेले आहे आणि ते फेडण्यासाठी सल्लागाराने एक पॉलिसीही काढून दिली आहे. मला सर्वाधिक चिंता याच वाक्याची वाटली, म्हणून इंजिनाकडे थोड्या वेळाने वळतो.

हिशेब सोपा व्हावा म्हणून गाडीची खरेदी किंमत १०० धरतो आणि आपण कळवलेल्या बाकीच्या रकमा त्याच प्रमाणात मांडतो. आपण ५७ वर्षांचे आहात आणि ६० व्या वर्षी पगार थांबेल. दोन वर्षांपूर्वी आपण स्वतःचे २० घातले, म्हणजे अडीअडचणीसाठी ठेवलेली सगळी शिल्लक संपवली, आणि ८० चे कर्ज ११ टक्के व्याजाने १० वर्षांसाठी घेतले. वर्षाचा हप्ता सुमारे १३ येतो. आजवर २६ भरून झाले, त्यांतले जेमतेम १० मुदलात गेले आणि ७० अजून देणे आहेत. हप्ते आठ वर्षांचे उरले आहेत, पगार तीन वर्षांचा. म्हणजे पाच वर्षांचे मिळून ६६ आपल्याला पगाराविना भरायचे आहेत. आपला निवृत्तिनिधी ३०० आहे. त्यातून वर्षाला चार टक्के काढायचे असे सावधपणे ठरवले तर १२ हाती येतात, आणि हप्ता १३ आहे. निवृत्तीच्या पहिल्या पाच वर्षांत घरखर्चाला एक पैसाही न उरता सारे उत्पन्न या गाडीकडे जाईल, आणि तरीही थोडे कमीच पडेल. इंजिनासाठी अंदाजपत्रकातले ५५ काढले की निधी २४५ वर येतो आणि चार टक्क्यांचे १२ होते ते १० पेक्षाही खाली जातात. घर तारण आहे ही सावकाराने निश्चिंत असण्याची गोष्ट आहे; हप्ते थकले तर जाणार आहे ते आपले घर.

पॉलिसीबद्दल संयमाने लिहिणे मला कठीण जाते. वर्षाला ५ चा हप्ता, १५ वर्षांची मुदत, आणि मिळणाऱ्या रकमेतून कर्ज फिटेल असे आश्वासन. कर्ज १० वर्षांत संपणार आणि पॉलिसी १५ वर्षांनी पिकणार, हे विकणाऱ्याने पाहिले नाही की आपण पाहणार नाही याची त्याला खात्री होती, हे त्यालाच ठाऊक. शिवाय विमा आणि गुंतवणूक यांची अशी मोट बांधलेल्या योजनेतून ५ टक्क्यांच्या आसपास परतावा सुटला तरी पुष्कळ, आणि तिकडे ११ टक्के व्याज चालू आहे. उधार घेतलेल्या पैशाच्या अर्ध्या दरानेही न वाढणाऱ्या ठिकाणी पैसे ठेवून कर्ज कधी फिटत नसते. गाडीसोबत घेतलेल्या ‘ब्रेकडाउन संरक्षणा’चीही तीच गत आहे. आपला दावा नाकारला गेला तो अतितापामुळे झालेले नुकसान वगळणाऱ्या कलमाखाली, आणि जुन्या डिझेल इंजिनाचे मोठे नुकसान बहुधा अतितापानेच होत असेल तर त्या संरक्षणात उरले काय, हा प्रश्न विकत घेतानाच विचारायचा होता. नकाराचे कारण लेखी मागा, पण त्या पैशांवर विसंबू नका.

भाड्याचा हिशेबही आशेवर उभा आहे. आपण वर्षाला १०० दिवस आणि दिवसाला ०.४ धरून ४० काढले आहेत. हंगाम थोडा, गाडी २२ वर्षांची, भाड्याने द्यायची तर विमा वेगळा आणि महाग, आणि अनेक विमा कंपन्या एवढ्या जुन्या गाडीला हातच लावत नाहीत. ३० दिवस धरले तर १२ येतात. विमा, सफाई आणि किरकोळ दुरुस्त्या वजा जाता ६ उरले तरी नशीब. उलट दोन आठवड्यांसाठी दुसऱ्याची मोटरहोम त्याच दराने भाड्याने घेतली तर ६ देखील लागत नाहीत, आणि दोन वर्षांत मिळून आपण चारच आठवडे फिरलात असे आपणच लिहिले आहे.

आता इंजिन. पहिली गोष्ट, स्टार्टर पुन्हा मारू नका आणि कोणाला मारू देऊ नका. हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांमधली सील) उडून सिलिंडरमध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) उतरले असेल तर पिस्टन त्या द्रवावर जाऊन अडतो. द्रव दाबला जात नाही, वाकतो तो पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड, आणि गॅस्केटवर भागले असते ते काम पूर्ण इंजिनावर जाते. अर्धा फेरा फिरून अडणे हे इंजिन जाम झाल्याचे लक्षण असू शकते, तसेच या द्रवाचे किंवा नुसत्या उतरलेल्या बॅटरीचे आणि गंजलेल्या अर्थिंगचेही असू शकते. पांढऱ्या धुराचेही तेच: तो कूलंटचा असतो, तसाच न जळलेल्या डिझेलचाही असतो. ग्लो प्लग (सिलिंडर तापवणारा प्लग) किंवा डिझेल फवारणारे नोझल काढून, क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवले की तासाभरात बराच उलगडा होतो. भोकातून कूलंट बाहेर फेकले जाऊन इंजिन मोकळे फिरले, तर ते जाम झालेले नाही. मग प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, मोजावे. सुस्थितीतल्या डिझेल इंजिनात ते साधारण २५ ते ३० बार असते, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक अधिक बोलका. तो दहा टक्क्यांच्या आत असावा, आणि शेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी भरले तर संशय त्यांच्यामधल्या गॅस्केटवर जातो. नळीचा कॅमेरा आत घालून लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) ओरखडे आहेत का ते पाहता येते. इंजिन ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत दिला तर सोडियम आणि पोटॅशियम कूलंट मिसळल्याची, शिसे आणि तांबे बेअरिंग झिजल्याची खूण देतात.

ही गाडी अवघी १,१०,००० किलोमीटर चालली आहे. अवजड गाड्यांच्या डिझेल इंजिनाला हे फार नव्हे. मोटरहोमचे इंजिन चालून झिजण्यापेक्षा उभे राहून बिघडते. म्हणूनच न उघडता दिलेला ‘इंजिन गेले’ हा निकाल मला मान्य नाही. शिवाय त्या अंदाजपत्रकात रेडिएटर, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, पंख्याचा क्लच यांपैकी एकाचाही उल्लेख नाही. इंजिन कशामुळे तापले हेच शोधले नाही तर नवे इंजिनही त्याच चढावर त्याच रीतीने तापेल.

आपण केलेल्या चौकशीनुसार ही गाडी चालू स्थितीत ६० ला आणि बंद स्थितीत २५ ला जाईल. ५५ घालून ६० ला विकणे म्हणजे हाती ५. काहीच न करता २५ मिळतात. त्यामुळे नवे इंजिन बसवण्याचा प्रश्न इथेच मिटतो. मात्र तपासणीला २ लागतात, आणि हेड उतरवून, तडे आणि सपाटी तपासून, गॅस्केट घालून काम १२ मध्ये झाले तर ६० मधून १४ वजा जाऊन ४६ उरतात. या शक्यतेसाठी २ खर्च करणे रास्त आहे. दुरुस्तीची कमाल मर्यादा मी २५ ठेवीन, कारण ६० आणि २५ मधला फरक ३५ असला तरी उघडलेले इंजिन पहिल्या अंदाजात क्वचितच बसते. टायर, ओल धरलेल्या भिंती आणि गॅसची जोडणी यांवर मात्र आता काही खर्चू नका.

दोन्ही वाटांनी गाडी विकायची आहे, हे आपल्याला रुचणार नाही, पण हिशेब पाहा. दुरुस्त करून विकली तर कर्ज ७० वरून २४ वर येते आणि आजचाच हप्ता चालू ठेवला तर दोन वर्षांत फिटते. बंद अवस्थेत २५ ला विकली तर ४५ उरतात. तेव्हा पॉलिसीचे वर्षाचे ५ देखील कर्जात वळवले तर ते तीन वर्षांच्या आत, म्हणजे शेवटच्या पगाराच्या आधी संपते. मुदतपूर्व फेडीवर दंड आहे का, एवढे करारात पाहून घ्या. पॉलिसीत भरलेले १० बहुतांशी गेले असे समजा, ते वाचवण्यासाठी आणखी ६५ भरू नका. कर्ज फिटेपर्यंत जोडीदाराला संरक्षण हवे असेल तर तेवढ्या मुदतीचा साधा टर्म विमा (गुंतवणूक नसलेला, फक्त मृत्यूचे संरक्षण देणारा) आधी घ्या, तो मंजूर झाल्याचे पत्र हाती आले की बँकेला पॉलिसीच्या हप्त्याचे ऑटो डेबिट (कर्जाचे नव्हे) थांबवण्याची लेखी सूचना द्या. पॉलिसीचा पुढचा हप्ता पुढच्या महिन्यात कापला जाणार आहे, तेव्हा टर्म विम्याचा अर्ज या आठवड्यातच करा.