अर्थव्यवस्था वाढली की कार्बन उत्सर्जन वाढणारच का?

प्रश्न : देशाचे उत्पन्न वाढले की कार्बन उत्सर्जनही वाढते, असे आम्ही शिकलो. आता काही श्रीमंत देश अर्थव्यवस्था वाढत असतानाच उत्सर्जन घटवल्याचे सांगतात. हे खरे मानावे, की त्यांचे कारखाने केवळ दुसरीकडे गेले आहेत?

उत्तर : घट खरी आहे आणि तुमची शंकाही रास्त आहे. मुख्यतः उत्सर्जन होते ते उत्पादनासाठी जाळलेल्या कोळसा, तेल आणि वायूमुळे. जपानी अर्थतज्ज्ञ योइची काया यांच्या सूत्रानुसार देशाचे उत्सर्जन म्हणजे लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नाच्या एककामागे लागणारी ऊर्जा आणि ऊर्जेच्या एककामागे निघणारा कार्बन यांचा गुणाकार. पहिले दोन घटक वाढत असताना शेवटचे दोन त्याहून वेगाने घटले, तरच एकूण उत्सर्जन उतरते.

ब्रिटनमध्ये हे घडले. १९९० ते २०२३ या काळात त्या देशाच्या हद्दीतील उत्सर्जन सुमारे निम्म्यावर आले, तर अर्थव्यवस्था दीडपटीहून मोठी झाली. यात मोठा वाटा वीजनिर्मितीचा होता : कोळशाची जागा आधी नैसर्गिक वायूने आणि मग पवनऊर्जेने घेतली, आणि रॅटक्लिफ-ऑन-सोअर हे तेथील शेवटचे कोळसा वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. मात्र आयात मालामागचे उत्सर्जन तो माल बनवणाऱ्या देशाच्या खात्यावर पडते, आणि आंतरराष्ट्रीय विमान व जहाज वाहतूक तर कोणत्याच देशाच्या बेरजेत धरली जात नाही. आयातीचा भाग मिळवला की ब्रिटनची घट लहान होते. नाहीशी होत नाही.

अशा बातम्या वाचताना एक गोष्ट आवर्जून तपासावी : घटले ते एकूण उत्सर्जन, की उत्पन्नाच्या एककामागचे, म्हणजे उत्सर्जन तीव्रता? अर्थव्यवस्था वर्षाला ६ टक्के वाढली आणि तीव्रता ३ टक्के घटली, तर एकूण उत्सर्जन जवळपास ३ टक्के वाढलेलेच असते. २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ टक्के घट हे भारताचे उद्दिष्ट तीव्रतेचे आहे. भारताचे दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी असल्याने आज ते मला न्याय्य वाटते. ज्या देशांनी दीड-दोनशे वर्षे कोळसा जाळून संपत्ती उभी केली, त्यांना मात्र केवळ तीव्रतेचा आकडा दाखवून मोकळे होता येणार नाही.