शिकून कमावलं, तरी पैसा त्याच्याच हातात जाणार ना?

"ताई, शिवण शिकले होते. मशीन नवऱ्यानं विकून टाकलं. आता परत काही शिकून काय उपयोग?"

घरातल्या हिंसेतून वाट शोधणाऱ्या किती तरी जणी हेच विचारतात. या बाईंची ओळख पटेल असे तपशील मी बदललेत, शंका मात्र त्यांचीच. आणि ती रास्त होती. मारहाण होतीच, शिवाय त्यांची कमाई काढून घेणं, कामाच्या ठिकाणी जाऊन तमाशा करणं, परीक्षेच्या आदल्या रात्री भांडण उकरून काढणं. हा आर्थिक छळ. अमेरिकेतल्या डुलुथ शहरात १९८४ साली पीडित स्त्रियांच्या अनुभवांतून 'सत्ता आणि नियंत्रण चक्र' तयार झालं, म्हणजे जोडीदारावर ताबा ठेवायच्या पद्धती दाखवणारी आकृती. त्यातही आर्थिक छळाला वेगळी जागा दिली आहे.

म्हणून मी कोर्सची नावं लगेच काढली नाहीत. आधी विचारलं, मशीन कुठे असायचं? घरात. पैसे कुणाच्या खात्यात? त्याच्या. प्रमाणपत्र? त्यानं फाडलं. कसब त्यांच्या हातात होतं, बाकी सगळं त्याच्या ताब्यात.

मग क्रम ठरला. फक्त स्वतःच्या नावाचं खातं, ज्याचे मेसेज त्याच्या नजरेला पडणार नाहीत. कागदपत्रांच्या प्रती बहिणीकडे. त्यानंतर काम असं, ज्याची साधनं घरात ठेवावी लागणार नाहीत आणि गाव बदललं तरी जे मिळेल. बोलता बोलता कळलं, नवऱ्याच्या धंद्याचा सगळा हिशेब वर्षानुवर्षं त्याच लिहीत होत्या. "ते काय काम झालं?" म्हणाल्या. कॉम्प्युटरवरचं अकाउंटिंग तिथूनच सुचलं. सराव घरी नाही, शिकवणाऱ्या केंद्रातच करायचा.

दुसऱ्याच आठवड्यात रडत आल्या. "काही लक्षात राहत नाही, मी ढच आहे." मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण कितीतरी जणी इथेच कोर्स सोडतात. सतत भीतीत राहिलं की झोप मोडते, लक्ष लागत नाही, वाचलेलं टिकत नाही. बुद्धी कमी झालेली नसते. शिक्षिकेशी बोलून धडे लहान केले, तोच भाग पुन्हा घ्यायची मुभा मिळवली. समुपदेशन सोबत चालूच ठेवलं.

दक्षिण आफ्रिकेतल्या लिंपोपो प्रांतात गरीब स्त्रियांना छोटी कर्जं दिली गेली आणि त्याच बैठकांत नाती, हिंसा यांवर मोकळेपणी बोलणं झालं. २००६ मध्ये निष्कर्ष आले: जोडीदाराकडून होणारी हिंसा सुमारे ५५ टक्क्यांनी घटली होती. पैसा आणि बोलणं तिथे हातात हात घालून चाललं. नुसतं कोर्सला पाठवून हात झटकणं मला म्हणूनच पटत नाही.

बायकोची कमाई सुरू झाली की काही नवरे जास्त चवताळतात, आणि घर सोडण्याचा काळ तर सगळ्यांत धोक्याचा. त्यामुळे पहिला पगार जमा झाल्यावरही त्यांनी घाई केली नाही. कुठे जायचं, मुलांना कोण आणणार, कुणाला आधी फोन करायचा, हे आम्ही लिहून न ठेवता तोंडपाठ केलंय. दिवस त्या ठरवतील.