औंधच्या ब्रेमेन चौकाला ज्या शहराचं नाव आहे ते जर्मनीतलं ब्रेमेन नक्की कसं आहे? इतिहास काय आणि तिथले लोक शहर चालवतात कसं?

मी ब्रेमेनमध्येच राहतो, नोकरीसाठी आलो आणि मग इथेच रमलो, त्यामुळे उत्तर थोडं लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

चौकाचा विषय आधी मिटवतो. पुणे आणि ब्रेमेनची मैत्री चाळीसेक वर्षांहून जुनी आहे, त्यातूनच ते नाव आलं. इथे पुण्याचं नाव काढलं की जुन्या पिढीतला एखादा तरी माणूस "हो हो, मी जाऊन आलोय" म्हणतो.

आता शहर. ब्रेमेन वेझर नदीवर आहे, समुद्रापासून साधारण ६० किलोमीटर आत. आणि हे नुसतं शहर नाही, अख्खं राज्य आहे. ब्रेमेन आणि नदीच्या मुखाशी असलेलं ब्रेमरहाफेन, ही दोन शहरं मिळून जर्मनीतलं सगळ्यात छोटं राज्य, लोकसंख्या सात लाखांच्या आसपास, म्हणजे पुण्याच्या एखाद्या कोपऱ्यात मावेल एवढी. इथला महापौर हाच मुख्यमंत्री, मंत्र्यांना सेनेटर म्हणतात, विधानसभेत ८७ आमदार, त्यातले ७२ ब्रेमेनचे आणि १५ ब्रेमरहाफेनचे. एवढ्याशा शहराला स्वतंत्र राज्य कशाला हवं हा प्रश्न मलाही आल्या आल्या पडला होता. त्याचं उत्तर इतिहासात आहे, आणि माझ्या मते ब्रेमेनचा इतिहास म्हणजे दोन हट्ट आहेत. एक, कुणाच्या हाताखाली राहायचं नाही. दोन, नदी कितीही रुसली तरी बंदर सोडायचं नाही.

पहिला हट्ट बघायचा तर टाउनहॉलसमोरच्या चौकात जा. तिथे रोलांडचा, म्हणजे कार्ल सम्राटाच्या दंतकथांमधल्या शूर सरदाराचा, दगडी पुतळा आहे, १४०४ सालचा, पुतळाच साडेपाच मीटर उंच, वरच्या छत्रासकट दहा मीटरच्या वर जातो. हातात उपसलेली तलवार, छातीवर ढाल, आणि तोंड थेट कॅथेड्रलकडे. हे तोंड मुद्दाम तिकडे केलेलं आहे बरं का. शहराचा मालक कोण यावरून व्यापारी आणि आर्चबिशप (कॅथेड्रलचा मुख्य धर्मगुरू) यांची पिढ्यानपिढ्या मारामारी होती. आधी लाकडी रोलांड होता, तो १३६६ मध्ये आर्चबिशपच्या माणसांनी जाळला, म्हणून मग दगडाचा उभारला, घ्या आता जाळा. ढालीवर जुन्या बोलीत कोरलंय की कार्ल सम्राटाने आणि इतर राजांनी या शहराला स्वातंत्र्य दिलंय, त्याबद्दल देवाचे आभार माना. रोलांड उभा आहे तोवर शहर स्वतंत्र, अशी इथे श्रद्धा आहे, दुसऱ्या महायुद्धात तर त्याच्याभोवती भिंत बांधून त्याला जपलं होतं. २००४ पासून रोलांड आणि टाउनहॉल दोन्ही युनेस्कोच्या यादीत आहेत.

पुतळ्याच्या पायांमध्ये वाकून बघा, बरेच टुरिस्ट हे बघतच नाहीत, तिथे एका पांगळ्या माणसाची छोटी आकृती आहे. दंतकथा अशी की एम्मा नावाच्या श्रीमंत सरदारणीकडे शहरातले लोक गुरांसाठी कुरण मागायला गेले, ती म्हणाली एक माणूस दिवसभरात जेवढ्या जमिनीला फेरी मारेल तेवढी तुमची. तिचा दीर जाम बेरकी, त्याला इस्टेट हातची जाताना दिसत होती, तो म्हणाला माणूस मी निवडणार, आणि त्याने रस्त्यावरचा एक पांगळा भिकारी निवडला. तो बिचारा सरपटत सरपटत निघाला आणि संध्याकाळपर्यंत भलंमोठं कुरण घेरून मोकळा झाला. खरंखोटं देव जाणे, पण ते कुरण, म्हणजे ब्युर्गरवायडं, आजही स्टेशनच्या मागे आहे आणि दर ऑक्टोबरात तिथे फ्रायमार्क्ट ही जत्रा भरते. जत्रेची परवानगी १०३५ ची आहे! जत्रा सुरू झाली की रोलांडच्या गळ्यात आल्याच्या केकचं मोठं हृदय लटकवतात, एवढा तलवारबाज पण तेवढे दिवस लग्नातल्या नवरदेवासारखा दिसतो.

राजकीय इतिहास पटकन सांगतो. ७८७ मध्ये बिशपची गादी, मग हान्झा या व्यापारी शहरांच्या संघात शिरकाव (आणि भांडणं करून त्यातून हकालपट्टीसुद्धा), १६४६ मध्ये सम्राटाकडून लेखी कबुली की हे शहर थेट साम्राज्याच्या अखत्यारीत आहे, मधल्या कुणाच्या नाही. नेपोलियनने १८११ मध्ये गिळलं, १८१३ मध्ये सुटलं. नाझींनी स्वायत्तता काढून घेतली. युद्धानंतर आजूबाजूचा सगळा भाग ब्रिटिशांकडे, पण अमेरिकन लोकांना माल उतरवायला बंदर हवं होतं म्हणून ब्रेमेन आणि ब्रेमरहाफेन त्यांनी स्वतःकडे ठेवलं, आणि १९४७ मध्ये ते पुन्हा स्वतंत्र राज्य झालं. तेव्हाचे महापौर विल्हेल्म कायझन, नाझींच्या काळात राजकारणातून हाकलले गेले तेव्हा शहराबाहेर शेती करून जगले, आणि १९४५ ते १९६५ महापौर असतानाही त्याच शेतावर राहायचे. इथल्या म्हाताऱ्यांसाठी ते देवमाणूस. याच हट्टातली अजून एक सवय म्हणजे इथले सेनेटर परंपरेने सरकारी पदकं, मानचिन्हं घेत नाहीत. कुणी वरून पाठ थोपटायची गरज नाही, असा ताठा आहे तो.

आता दुसरा हट्ट, नदी. हा मला जास्त आवडतो.

वेझर गाळाने भरत जायची. सतराव्या शतकातच मोठी जहाजं शहरापर्यंत येईनात, म्हणून खाली फेगेझाकला १६१९ पासून नवं बंदर बांधायला घेतलं. मग तेही पुरेना. एकोणिसाव्या शतकात नदीत काही ठिकाणी मीटरभरसुद्धा पाणी नसायचं, बंदराचं शहर आणि बंदरात जहाज नाही अशी गत. तेव्हा योहान स्मिट नावाच्या महापौराने १८२७ मध्ये शेजारच्या हानोवर राज्याकडून नदीच्या मुखाशी चक्क जमीन विकत घेतली आणि तिथे नवं गाव वसवलं, तेच ब्रेमरहाफेन. पुढे तिथून ७० लाखांहून जास्त लोक जहाजात बसून अमेरिकेला वगैरे कायमचे गेले. आज तिथला कंटेनरचा धक्का सलग जवळपास पाच किलोमीटर लांब आहे.

पण तेवढ्यावर समाधान मानतील तर ते ब्रेमेनकर कसले. लुडविग फ्रांझिउस या इंजिनिअरने १८८७ ते १८९५ मध्ये नदीच दुरुस्त केली, वळणं कापली, फाटे बंद केले, पात्र असं आखलं की भरती-ओहोटीचं पाणीच गाळ खेचून नेईल. तळ पाण्यात पाच मीटर खोल जाणारी जहाजं पुन्हा शहरात यायला लागली. त्याचा दुसरा परिणाम असा की आधी ब्रेमेनमध्ये भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर होता तो आज चार मीटरच्या आसपास आहे. सकाळी नदीकाठी फिरायला जावं तर काठोकाठ पाणी, दुपारी बघावं तर खाली चिखल आणि दगड उघडे. नदीचा तळ एवढा खाली गेला की वरच्या अंगाला भूजल खाली जायला लागलं, म्हणून १९११ मध्ये बंधारा घालावा लागला.

आणि आता नदी गोठत नाही, शेवटची पूर्ण गोठली १९४७ मध्ये. ही माहिती अशासाठी की इथे आइसवेटं नावाचा एक अचाट प्रकार १८२९ पासून चालू आहे. व्यापाऱ्यांनी पैज लावली होती, ६ जानेवारीला नदी वाहती असेल की गोठलेली. आजही ६ जानेवारीला दुपारी बारा वाजता नदीकाठी गर्दी जमते, काळे कोट आणि उंच टोप्या घातलेली मंडळी येतात, आणि एक शिंपी येतो, त्याचं वजन ९९ पौंडच असायला पाहिजे, हातात गरम इस्त्री. त्याने कोरड्या पायाने नदी ओलांडायची. समोर नदी धो धो वाहतेय हे सगळ्यांना दिसतंय, तरी वजन करतात, वाद घालतात, शिंपी टोमणे मारत राजकारण्यांची सालं काढतो, आणि शेवटी त्याला बचाव बोटीतून पलीकडे नेतात. थंडीत नाक गळत असतं पण लोक हलत नाहीत. नंतर मोठी मेजवानी होते आणि तिथे जमलेली देणगी समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या संस्थेला जाते. ही संस्था १८६५ ची, मुख्यालय ब्रेमेनला, आणि ती पूर्ण देणग्यांवर चालते. इथे बेकरीच्या, हॉटेलच्या काउंटरवर छोट्या जहाजाच्या आकाराचे डबे दिसतील, लोक सुट्टे त्यात टाकतात, तो तिचाच गल्ला.

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं खरं उत्तर यातच आहे. इथे राजा कधी नव्हता, त्यामुळे राजाने बांधून दिलेलं फारसं काही नाही, लोकांनी वर्गणी काढून केलंय. स्टेशनमागचा ब्युर्गरपार्क, प्रचंड मोठा, तो १८६६ पासून नागरिकांच्या संस्थेचा आहे, देणग्या आणि लॉटरीच्या तिकिटांवर चालतो. शहराचं मुख्य चित्रसंग्रहालय १८२३ च्या कलामंडळाच्या मालकीचं. १५४५ मध्ये कप्तान आणि व्यापाऱ्यांनी म्हाताऱ्या खलाशांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी फंड काढला, तो आजही चालू आहे आणि त्याचं वार्षिक जेवण दर फेब्रुवारीत टाउनहॉलच्या वरच्या दालनात होतं, छताला जुन्या जहाजांची मॉडेल्स टांगलेली. बाहेरच्या पाहुण्याला आयुष्यात एकदाच बोलावतात, मग तो कितीही मोठा असो. मीठ-मिरी सोनेरी-चंदेरी कागदाच्या पुड्यांत, आणि काटे-चमचे मधे बदलत नाहीत, टिपकागदाने पुसून तेच वापरायचे. एवढे श्रीमंत लोक, पण चमचा पुसून घ्या!

बांधांचंही तसंच. नदीचे बांध नसतील तर शहराचा बहुतेक भाग पाण्यात जाईल, त्यामुळे बांध सांभाळायला वेगळी मंडळं आहेत आणि बांधाच्या आडोशाला ज्याची जमीन तो आपोआप सभासद, दरवर्षी वर्गणी भरायची. जुना कायदा तर कडक होता, ज्याला आपल्या वाट्याचा बांध सांभाळणं जमत नाही त्याने त्यात फावडं रोवायचं आणि गाव सोडायचं, जो फावडं उपसेल त्याची जमीन.

हे सगळं वाचून फार आदर्श वाटत असेल तर थांबा. ही सत्ता शतकानुशतकं मूठभर व्यापाऱ्यांची होती, बाकीच्यांना विचारत कोण होतं. आइसवेटंच्या मेजवानीला तर आत्ताआत्तापर्यंत फक्त पुरुष. आणि याच शहरातल्या लुडेरिट्झ नावाच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याने १८८३ मध्ये आफ्रिकेत फसवणुकीचे करार करून जमीन लाटली, तिथूनच आजच्या नामिबियात जर्मन वसाहत झाली आणि १९०४ ते १९०८ मध्ये हेरेरो आणि नामा लोकांचा वंशसंहार. स्टेशनजवळ विटांचा दहा मीटर उंच हत्ती आहे, १९३२ मध्ये वसाहतींच्या गौरवासाठी बांधलेला. नामिबिया १९९० मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तो पाडायच्या ऐवजी वसाहतवादविरोधी स्मारक म्हणून जाहीर केला. मला हे पटतं, पाडला असता तर विषयच संपला असता. शहराच्या उत्तरेला फार्गंला पाणबुड्यांचा बंकर आहे, ४२६ मीटर लांब, नाझींनी सक्तीच्या मजुरांकडून बांधून घेतला, हजाराहून जास्त माणसं त्यात मेली. आलात तर दोन्ही बघाच, नुसती गाढवाची मूर्ती बघून जाऊ नका.

हां, गाढव राहिलंच. ग्रिम बंधूंच्या गोष्टीतलं गाढव, कुत्रा, मांजर, कोंबडा, टाउनहॉलच्या बाजूला १९५३ पासून ब्राँझमध्ये उभे आहेत. (गोष्टीत ते ब्रेमेनला पोचतच नाहीत, वाटेतच घर मिळतं.) गाढवाचे पुढचे पाय दोन्ही हातांनी धरून इच्छा मागायची, एका हाताने धरलेत तर लोक म्हणतात एक गाढव दुसऱ्या गाढवाशी शेकहँड करतंय.

सामान्य माणसाचा आवाज म्हणाल तर तो विसाव्या शतकात आला. जानेवारी १९६८ मध्ये ट्रामचं तिकीट वाढवलं म्हणून शाळा-कॉलेजातली पोरं रुळांवर बसली, पोलिसांनी झोडपलं, कारखान्यातले कामगार पोरांच्या बाजूने आले, उपमहापौर आनमारी मेविसन वाळूच्या पेटीवर चढून हातात कर्णा घेऊन त्यांच्याशी बोलल्या, आणि दरवाढ मागे घ्यावी लागली. १९७३ मध्ये एका जुन्या वस्तीतून हायवे न्यायचा प्लॅन लोकांनी बंद पाडला, आज तीच वस्ती शहरातली सगळ्यात जिवंत जागा आहे, माझे निम्मे पगार तिथल्या कॅफेंत गेलेत. १९७९ मध्ये पर्यावरणवाले जर्मनीत पहिल्यांदा कुठल्या विधानसभेत शिरले ते ब्रेमेनच्या. राज्याच्या निवडणुकीत १६ वर्षांच्या पोरांना मत सगळ्यात आधी इथेच.

पैशाची मात्र बोंब आहे. जहाज बांधणारे मोठे कारखाने १९८३ आणि १९९७ मध्ये बंद पडले, हजारो नोकऱ्या गेल्या. मर्सिडीज, एअरबस आणि उपग्रह बनवणाऱ्या कंपन्या आहेत, तरी माणशी कर्जात हे राज्य देशात सगळ्यात वर आणि गरिबीतही पुढे. त्यामुळे अधूनमधून कुणीतरी म्हणतंच की हे राज्य शेजारच्या नीडरझाक्सनमध्ये विलीन करून टाका. हिशेबाने बघितलं तर त्यांच्या म्हणण्यात दम आहे, मीही टॅक्स भरतो, मला कळतं. पण हे ब्रेमेनच्या माणसासमोर बोलू नका, निदान त्याने बिअरचे पैसे देईपर्यंत तरी.