अंतर्जातीय? मग रुसवा कशाचा?

रामबागेतल्या एका ताईंनी विचारलंय, भाचा देशस्थ, होणारी भाचेसून सिंधी, आत्याबाई रुसल्यात, तर हे लग्न 'अंतर्जातीय' म्हणायचं की 'आंतरजातीय'. आंतरजातीय. आपल्या इंदूरला हिंदी पेपर वाचून वाचून सगळे सर्रास अंतर्जातीय म्हणतात आणि माझं डोकं फिरतं, कारण अंतर् म्हणजे आत, अंतर्मन, अंतर्गत, तसं अंतर्जातीय म्हणजे जातीतल्या जातीत, मग आत्याबाईंनी पेढे वाटायला हवेत! आणि ते पुण्याचे शुद्धलेखनवाले 'आंतर म्हणजे दोहोंमधलं' असं छातीठोक सांगतात ना, त्यांनी जरा संस्कृत कोश उघडावा, तिथे आंतर म्हणजेही आतलंच. मराठीत रूढ झालं म्हणून बरोबर, बाकी काही नाही.

पण खरी गंमत जुन्या जोडीत आहे, अनुलोम आणि प्रतिलोम. लोम म्हणजे अंगावरचे केस, लव. मांजराच्या पाठीवर केसांच्या दिशेने हात फिरवा, ते अनुलोम, उलटा फिरवला की प्रतिलोम आणि मांजर फिस्कारतं. नवरा वरच्या वर्णाचा, बायको खालच्या, हे अनुलोम, शास्त्री नाक मुरडून का होईना चालवून घ्यायचे. बायको वरची असली की प्रतिलोम, तिथे मात्र सगळे फिस्कारले, इंग्रजांच्या कोर्टातही असं लग्न टिकायचं नाही, शेवटी १९४९ साली कायदा करून जातीबाहेरची हिंदू लग्नं वैध केली. नेहरू पार्कात रोज सकाळी नाक दाबून अनुलोम-विलोम करणाऱ्या काकांना सांगा, लोम तोच हो.

आता महाभारतातली देवयानी घ्या. शुक्राचार्यांची मुलगी, ब्राह्मण, नवरा ययाती क्षत्रिय, म्हणजे चक्क प्रतिलोम. त्यांचा मुलगा यदू, आणि यदूच्या कुळात श्रीकृष्ण! आत्याबाईंच्या देव्हाऱ्यातला रांगता बाळकृष्ण कुठल्या लग्नातून आला ते विचारा एकदा. ययातीची दुसरी शर्मिष्ठा, असुरराजाची लेक, तिच्या पुरूला तर गादीच मिळाली.

आणि म्हणूनच माझा एक लाडका अंदाज आहे. १९२८ साली आपल्या तुकोजीराव होळकरांनी (तिसरे, गादी सोडल्यानंतर) अमेरिकेच्या नॅन्सी मिलरशी लग्न केलं, ती आधी हिंदू झाली आणि तिचं नाव ठेवलं शर्मिष्ठा. सीता, लक्ष्मी सोडून नेमकी असुरकन्या? ज्याने सुचवलं त्याला ययातीची गोष्ट पाठ असणार, परक्या घरातून आलेली राणी, बरोबर बसतंय. आमच्या ओळखीचे एक प्राध्यापक म्हणतात योगायोग आहे. म्हणोत बापडे.